प्रक्षेप

पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य ठरलेल्या ठिकाणी उच्चारीत आलो: सिद्ध झालेल्या संहितेत मागाहून घातलेली भर ही त्या संहितेची हानीच होय. विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेत आणि परीक्षेत निमूटपणे परत करीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तीत कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली, हा दाखला त्या वाक्याच्या पाठीशी भक्कम उभा असे. या वाक्याविषयी आम्हांला पहिली शंका आली ती मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये, उघड्या पडलेल्या एका मोटारसायकलच्या इंजिनासमोर.

तिथे आम्ही गेलो होतो ते मध्यस्थ म्हणून. २०२३ च्या दिवाळीनंतर भावजयीचा फोन आला. एरवी खुशालीपलीकडे फारसे न बोलणारी ती त्या दिवशी थेट म्हणाली, ‘दादा, तुम्ही या इकडे. तुमचा भाऊ मोटारसायकलला टर्बो बसवतोय. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस! माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.’ ते आमचे कधी ऐकल्याचे आम्हांला आठवत नव्हते. पण निवृत्त माणसाला कोणी आपले ऐकेल असे म्हटले की तो विमानातही बसतो. डिसेंबरात आम्ही तिथे पोहोचलो.

टर्बो म्हणजे काय हे आम्हांलाही तिथेच कळले, म्हणून थोडक्यात सांगतो. इंजिन हवा आत घेते, तीत पेट्रोल मिसळून जाळते आणि जळालेला वायू बाहेर टाकते. त्या बाहेर जाणाऱ्या वायूत उष्णता असते, वेग असतो. एरवी तो सारा सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पात्यांची चाके असतात. पहिले चाक हा टाकलेला वायू फिरवतो. त्यामुळे दुसरे फिरते आणि बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. टाकलेल्या श्वासावर नवा श्वास घेण्याची ही युक्ती ऐकून आम्हांला ‘उच्छिष्ट’ हा शब्द आठवला. व्यासांच्या संदर्भात आपली परंपरा तो शब्द आदरानेच वापरते. मात्र काहीच फुकट नसते, असे धाकट्याने लगेच बजावले: वाटेत चाक बसवले की बाहेर पडणारा वायू अडतो, आणि त्या अडथळ्याची किंमत इंजिनालाच मोजावी लागते.

मोटारसायकल होती २००६ सालची सुझुकी हायाबुसा. आपल्याकडे २००४ च्या ‘धूम’ चित्रपटाने हे नाव महाविद्यालयाच्या आवारापर्यंत पोहोचवले, म्हणून ते आमच्या कानांवर होते. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. १२९९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे हे इंजिन १९९९ साली बाजारात आले तेव्हा ती गाडी ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जात असे; पुढे जपानी कंपन्यांनी आपसांत समजूत करून तो आकडा तीनशेच्या आत ठेवला. म्हणजे जिला आवरण्याची गरज तिच्या निर्मात्यांनाच भासली, तिला आमचे बंधुराज आणखी बळ देणार होते. पहिल्याच रात्री आम्ही आमचे ठेवणीतले वाक्य त्याला ऐकवले. ‘कंपनीने इतकी माणसे बसवून जी वस्तू पूर्ण केली, तीत तू भर घालणारा कोण?’

तो हसला नाही. ‘दादा,’ तो म्हणाला, ‘हे अण्णांचं वाक्य आहे.’

होते खरे. आमच्या साताऱ्याच्या घरी वडिलांची बजाज चेतक होती. सुरू होईना म्हणजे तिला एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची, हा विधी त्या काळच्या सर्व घरांना ठाऊक आहे. धाकट्याने अकरावीत असताना एका दुपारी तिच्या सायलेन्सरची आतली जाळी काढली. आवाज वाढला, आणि वेगही वाढला अशी त्याची समजूत झाली. संध्याकाळी अण्णांनी ती जाळी त्याच्याकडूनच परत बसवून घेतली आणि म्हणाले, ‘कंपनीतली माणसं तुझ्यापेक्षा शहाणी आहेत.’ त्यानंतर वर्षभर त्यांनी त्याला किल्ली दिली नाही. आम्ही तेव्हा नुकतेच एम. ए. झालो होतो. व्हरांड्यात उभे राहून ते सारे पाहत होतो आणि मनातून अण्णांच्या बाजूचे होतो. अण्णा २०२१ मध्ये गेले. धाकट्याला येता आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गॅरेजमध्ये बसू लागलो. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरतात. ते लोखंड खाते, म्हणून मोटारसायकली एप्रिलपर्यंत घरात असतात आणि त्यांचे मालक त्या उघडून बसतात. धाकट्याने आम्हांला एक काम नेमून दिले. त्याचे हात तेलाने माखलेले असत. तेव्हा कीटसोबत आलेली सूचनापुस्तिका आम्ही वाचायची आणि त्याने ऐकत ऐकत कृती करायची. पोथी वाचायला बसावे तसे आम्ही स्टुलावर बसलो. ‘काही समजलं नाही तरी वाच,’ तो म्हणाला. हे आम्हांला अवघड नव्हते. संशोधनपर लेख आम्ही बरीच वर्षे असेच वाचत आलो आहोत.

त्या वाचनात आमच्या वाक्याला पहिला तडा गेला. आमची समजूत अशी होती की टर्बो म्हणजे बाहेरून जोडायची एक डबी. पुस्तिका निराळेच सांगत होती. हवा दाबून भरली की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, आणि पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीने लागलेल्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच भडकतो. याला इंजिन ठोकणे म्हणतात, आणि असे ठोकत राहिले तर पिस्टन फुटतात. ते टाळायचे म्हणून मिश्रण दाबण्याचे मूळ प्रमाण कमी करायचे. या इंजिनात ते अकरास एक होते. ते नऊच्या आसपास आणण्यासाठी सिलिंडरखाली दीड मिलिमीटर जाडीची एक चकती घालायची. पण सिलिंडर दीड मिलिमीटर वर गेला की वरच्या झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ किंचित सरकते, कारण त्यांना चालवणाऱ्या साखळीचे अंतर बदलते. म्हणून तिच्या दात्यांच्या चक्रांना लांबट भोके पाडून ती वेळ पुन्हा जुळवायची. हवा वाढली म्हणून पेट्रोल वाढवायचे. म्हणून पंप बदलायचा. ठिणगीची वेळ मागे घ्यायची. ताकद वाढली म्हणून क्लच घसरेल. म्हणून त्याच्या स्प्रिंगा कडक घालायच्या. टर्बोच्या दांड्याला तेल हवे. म्हणून इंजिनाच्या तेलातून एक वाहिनी काढायची आणि ते तेल परत आणायला दुसरी.

वाचता वाचता आम्ही थांबलो. दीड मिलिमीटरच्या एका चकतीने सगळ्या यंत्राला आपली दखल घ्यायला लावले होते. जोड एकटी कधीच येत नाही. आणि जी एकटी येते, आजूबाजूच्या कशालाही हात न लावता गुपचूप खिळली जाते, तिच्यामुळेच पिस्टन फुटतो. पोथ्यांमधले प्रक्षेप आम्ही ज्या खुणांवरून ओळखायला शिकवतो त्या तरी दुसऱ्या कोणत्या? घातलेली ओवी आपल्यापुरती ठीक असते. पण मागची ओवी तिला ओळखत नाही, पुढची तिच्यावर उभी नसते, आणि तिच्यासाठी कोणी कशाचीही वेळ जुळवून घेतलेली नसते.

मग आम्हांला उशिरा सुचू नये ते उशिरा सुचले. एकनाथांनी जिच्यात भर घालू नका म्हणून बजावले, ती ज्ञानेश्वरी स्वतःच एक भर आहे. गीतेचे श्लोक सातशे. शके १२१२ मधल्या या टीकेच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. जिच्यावर भर घातली ती संहिता किती सिद्ध, किती पूज्य! तरी तिला आपण प्रक्षेप म्हणत नाही, आणि ते केवळ श्रद्धेपोटी नाही. ज्ञानदेवांनी गीतेत कुठेतरी एखादा श्लोक सरकवला नाही. त्यांनी सातशेच्या सातशे श्लोक अंगावर घेतले, भाषा बदलली, छंद बदलला, श्रोता बदलला, आणि ते सारे एकमेकांशी जुळवून घेण्याची जबाबदारी उघडपणे पत्करली. मूळ कोणते आणि भर कोणती हे लपवले नाही. इतकी वर्षे आम्ही प्रक्षेपाच्या व्याख्येत ‘भर’ या शब्दाखाली रेघ मारीत होतो. ती जबाबदारी टाळण्याखाली मारायला हवी होती.

हा विचार भावाला सांगावा असे वाटले, पण त्याने सांगितलेला आणखी एक इतिहास ऐकून आम्ही आवरते घेतले. जपानी कंपन्यांनी स्वतःही टर्बोच्या मोटारसायकली काढल्या होत्या. होंडाची सीएक्स ५०० टर्बो आणि यामाहाची एक्सजे ६५० टर्बो १९८२ साली आल्या, सुझुकी आणि कावासाकी त्यांच्या मागोमाग. आणि काही वर्षांतच चौघींनीही त्या बंद केल्या. मूठ पिळल्यावर बळ क्षणभर उशिरा येई आणि आले की एकदम येई. दोन चाकांवर वळणात तो क्षण महाग पडतो. शिवाय वजन वाढले, किंमत वाढली, गुंतागुंत वाढली. म्हणजे जबाबदारी पत्करूनही भर फसू शकते. हेही टिपून ठेवले.

कीटच्या खोक्यावर एक ओळ छापलेली होती: केवळ शर्यतीच्या मैदानासाठी. धाकट्याची मोटारसायकल तर रस्त्यावरची, नंबरपाटी असलेली. आम्ही त्याला विचारले. अमेरिकेत प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेत फेरफार करण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. ‘ती ओळ सगळेच छापतात आणि सगळेच वाचत नाहीत,’ तो म्हणाला. एका वाक्यावर विकणारा आणि घेणारा दोघेही विश्वास ठेवत नाहीत आणि तरी ते दोघांनाही हवे असते, हे आमच्या अभ्यासविषयाच्या जवळचे होते. पण ते उत्तर नव्हते. आम्ही पुढे वाद घातला नाही आणि पान उलटले, ही गोष्ट आमच्या पदरी आहे.

पुढची गोष्ट त्याहून अधिक आमच्या पदरी आहे. मार्चअखेर काम संपले. एप्रिलच्या पहिल्या पावसाने रस्त्यांवरचे मीठ धुतले आणि एका शनिवारी धाकट्याने गाडी घरासमोर काढून सुरू केली. इंजिन एका झटक्यात लागले. मिनिटभराने सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर येऊ लागला, आणि बघता बघता शेजारच्यांचे अंगण दिसेनासे झाले. भावजय दारात आली. धाकट्याने इंजिन बंद केले, हात पुसले आणि पुस्तिका मागितली. त्याने ती आमच्याकडून घेतली ती पहिल्यांदाच. तीन-चार मिनिटे तो पाने उलटीत राहिला, मग एका परिच्छेदावर बोट ठेवून त्याने ती आमच्यापुढे धरली.

टर्बोला तेल नेणाऱ्या वाहिनीच्या तोंडाशी बारीक छिद्राचा एक पितळी तुकडा बसवावा, असे तिथे लिहिले होते. तो नसेल तर तेल गरजेपेक्षा अधिक दाबाने शिरते, दांड्याच्या कडांमधून गळते आणि तापलेल्या चाकावर जळते. तो तुकडा पुडीतच राहिला होता. त्या परिच्छेदाची ती दुपार आम्हांला चांगली आठवत होती. मजकूर लांब होता, चहा निवत होता, आणि आधीच्या पानावर तेलाविषयी बरेच सांगून झाले होते. आम्ही म्हणालो होतो, ‘आता तेलाची नळी जोड.’

आम्ही सारांश सांगितला होता. बाजारातली गाइडे वाचून आलेल्या मुलांना ज्याच्यासाठी आम्ही तीस वर्षे वर्गात उभे केले, नेमके तेच. साहित्यात असा सारांश केला तर एक परिच्छेद दुखावतो, आणि तो परिच्छेद तक्रार करायला येत नाही. इथे धूर झाला, म्हणून कळले. रस्त्यावर, वेगात, ते तेल मागच्या टायरवर आले असते तर काय, हा प्रश्न धाकट्याने विचारला नाही. भावजयीच्या चेहऱ्यावर तो होता.

‘चूक माझी,’ आम्ही म्हणालो.

‘अर्धी माझी,’ तो म्हणाला. ‘मी ऐकलं, बघितलं नाही.’ मग पायरीवर बसून, गाडीकडे पाहत, तो बऱ्याच दिवसांचे बोलला. ‘दादा, ती जाळी कशाला असते ते अण्णांनी मला सांगितलं असतं ना, तर मी आपणहून बसवली असती. टू-स्ट्रोकमध्ये बाहेर जाणारा वायू परत थोडा मागे ढकलावा लागतो, नाहीतर कच्चं पेट्रोलच बाहेर जातं. मला ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. अण्णांना ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी कंपनीचं नाव घेतलं. मला राग त्याचा नाही. तू तिथं उभा होतास. तुला वाचता येत होतं. तूही शोधून सांगितलं नाहीस.’

यावर आम्हांला काही सुचले नाही. आजही नीट सुचत नाही. एकनाथांचा दाखला देताना, भर का घालू नये हे आम्ही किती वर्गांना खरोखर उलगडून दाखवले, याची मात्र मनात मोजणी सुरू झाली आणि ती सुखाची नव्हती. थोरांची ताकीद आम्ही उद्धृत करीत होतो. ज्यांनी पोथ्या समोर ठेवून ओवीन् ओवी पडताळली, त्यांना ताकीद देण्याचा अधिकार होता. आम्ही केवळ किल्ली काढून घेत होतो.

तो पितळी तुकडा बसवायला संध्याकाळ पुरली. रात्री जेवताना भावजयीने विचारले, ‘दादा, तुम्ही ते पुस्तक पूर्ण वाचलंत ना? त्यात थांबायचं काय लिहिलंय?’

‘थांबायचं म्हणजे?’

‘ताकद एवढी वाढवली. मग ब्रेकचं काय?’

आम्ही पुस्तिका आणली आणि या वेळी एकही ओळ न गाळता चाळली. तिच्यात पेट्रोल होते, तेल होते, हवा होती, ठिणगी होती. ब्रेकचा उल्लेख नव्हता. चार महिने आम्ही दोघे त्या संहितेवर बसलो होतो. एक वाचणारा, एक जाणणारा. तिच्यात जे नाही ते दिसले ते तिसऱ्याच माणसाला, गॅरेजचे दार उघडून जो कधी आत आला नव्हता. धाकटा बराच वेळ भात कालवीत राहिला. मग म्हणाला, ‘खरंय.’

आणखी दोन आठवडे गेले. ब्रेकचे पॅड बदलले, त्यांच्या रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या आल्या, मागचा टायर नवा आला. बूस्टचा दाब ठरवणारी जी स्प्रिंग असते ती त्याने सर्वांत नरम घातली: चौरस इंचाला ६ पौंड. वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पौंड असतो. म्हणजे साधारण चाळीस टक्के अधिक. दाब याहून वाढवण्याचे जे उपकरण कीटमध्ये होते ते पुडीसकट फडताळात गेले. ही अट भावजयीची. तिला पाठविण्यात आलेल्या मध्यस्थाचा यात काही वाटा नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो पहिल्यांदा बाहेर पडला. मिशिगनमध्ये २०१२ पासून एकवीस वर्षांवरच्या स्वाराला काही अटींवर हेल्मेटविना फिरता येते. त्याने हेल्मेट घातले, वर चामड्याचे जाकीट घातले. कोपऱ्यावरून वळेपर्यंत नेहमीचाच आवाज आला. मग दूरवरून, सरळ रस्त्यावर, शिटीसारखा एक बारीक स्वर चढत गेला आणि तुटला. भावजय दारातली सुकलेली पाने झाडत होती. तो स्वर तुटला तेव्हा झाडू थांबला. पुन्हा सुरू झाला तो वीस मिनिटांनी, गाडी कोपऱ्यावर दिसल्यावर.

तो आला, पाय टेकवले, काच वर केली. आम्ही काही विचारणार तोच त्याने हात वर करून थांबवले आणि इंजिन तसेच मंद चालू ठेवले. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे की थांबल्याबरोबर इंजिन बंद करू नये. तापलेल्या दांड्यावर तेल जळून बसते. दोन मिनिटे ते सावकाश चालू ठेवावे आणि मगच किल्ली फिरवावी. तो परिच्छेद आम्ही पूर्ण वाचून दाखवला होता.

दोन मिनिटे आम्ही तिघे तसेच उभे राहिलो.